फ्यूचर जॉब्ज फंड

बेकारभत्त्यावर असलेल्या तरुणांना समाजोपयोगी कामावर पगारी नेमणूक मिळवून देणारी ब्रिटनमधील सरकारी योजना (२००९–११). आर्थिक मंदीत तरुणांची बेकारी झपाट्याने वाढू लागली, तेव्हा अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी एप्रिल २००९ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर केली. प्रस्ताव मुख्यतः स्थानिक प्रशासनांनी आणि धर्मादाय संस्थांनी मांडायचे आणि मंजूर जागेमागे सरकारने कमाल ६,५०० पौंड द्यायचे, अशी तिची रचना होती. नोकरी सहा महिन्यांची, आठवड्याला किमान २५ तासांची. पगार किमान वेतनाहून कमी नको. काम परिसरातील लोकांच्या उपयोगाचे आणि एरवी निघालेच नसते असे हवे. सार्वजनिक बागांची देखभाल, शाळेतील मदतनिसाचे काम अशा जागांवर मार्च २०११ पर्यंत एक लाखाहून अधिक जण रुजू झाले.

योजनेचे मर्म पगारात होते. पंचविशीच्या आतील बेकाराला तेव्हा आठवड्याला ५०.९५ पौंड भत्ता मिळे. तोच वीस वर्षांचा असला, तर ताशी ४.८३ पौंडांच्या किमान वेतनाने २५ तासांचे सुमारे १२१ पौंड होत. शिवाय पुढच्या अर्जात लिहायला खरी नोकरी आणि शिफारस द्यायला खरा मालक मिळे. पुढे आलेल्या काही योजनांत भत्ता टिकवण्यासाठी बिनपगारी काम करावे लागे. त्यांची २०११ ची नियमावली सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अवैध ठरवली; वेठबिगारीचा आरोप मात्र मान्य केला नाही. कायद्याने ती वेठ नसेलही, पण अशा कामाला नोकरीचे मोल येत नाही.

मुख्य आक्षेप खर्चाचा. मे २०१० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडी सरकारने काटकसरीच्या पहिल्याच फेरीत योजना गुंडाळायचे ठरवले. सुरुवातीच्या तुकड्यांतील सुमारे निम्मे तरुण सातव्या महिन्यात पुन्हा भत्त्यावर आल्याचेही दिसले. पण सातवा महिना म्हणजे नोकरी नुकतीच संपल्याचा काळ. त्यावरून निकाल देणे घाईचे होते. सरकारच्याच खात्याने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात सहभागी तरुणांची तुलना त्यांच्यासारख्याच इतर बेकारांशी केली. दोन वर्षांनंतर अनुदानाविना नोकरीत असण्याचे त्यांचे प्रमाण ११ टक्केबिंदूंनी जास्त, तर भत्त्यावर असण्याचे ७ टक्केबिंदूंनी कमी निघाले. दर तरुणामागे तिजोरीला निव्वळ ३,१०० पौंडांची तोशीस पडली, हे खरे. समाजाचा निव्वळ लाभ मात्र ७,७५० पौंडांचा आला. हा हिशेब हाती आला, तेव्हा योजना बंद होऊन दीड वर्ष उलटले होते!

दुसरी शंका अधिक चिवट आहे: अनुदानित माणूस मिळाला की संस्था नेहमीच्या पगारी माणसाला फाटा देतील. एखादी जागा योजनेविना निघालीच नसती, हे कागदावर लिहिता येते, सिद्ध करता येत नाही. समाजाच्या लाभाचा वरचा आकडाही अशाच गृहीतकांवर उभा आहे. समाजोपयोगाच्या अटीमुळे ही भीती निदान आटोक्यात राहिली, कारण बाजारात ज्यासाठी कोणी पैसे मोजत नाही, त्या कामात हिरावून घेण्याजोग्या नोकऱ्या मुळात थोड्या. २०२० मधील ‘किकस्टार्ट’ योजनेने सहा महिने, २५ तास आणि किमान वेतन हा साचा परत आणला, पण समाजोपयोगाची अट वगळली आणि साध्या दुकानांनाही अनुदानाचे दार खुले केले.