कसणारी कोण, कागदावर कोण?

अमेरिकेच्या पश्चिम भागावरच्या कादंबऱ्यांत बरेचदा दोन-तीन भाऊ घोड्यावरून येतात, माळावर खुंटे ठोकतात आणि जमीन आपली म्हणतात. त्या जमिनीचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

१८६२ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षं राहून जमीन कसायची, थोडी फी भरायची, की १६० एकर नावावर. विधवेला, अविवाहित बाईलाही अर्ज करता येई. नवऱ्याच्या घरी नांदणारीला मात्र सहसा नाही.

पण तो माळ रिकामा नव्हता. तिथे मूळ रहिवासी होते. मिसुरी नदीकाठच्या हिदात्सा लोकांत मका, घेवडा, भोपळा बायकाच पिकवत आणि शेतं त्यांचीच मानली जात.

१८८७ च्या डॉज कायद्याने अशा सामाईक जमिनींचे तुकडे पाडले. १६० एकर कुटुंबप्रमुखाला, म्हणजे बहुतेक घरांत नवऱ्याला. लग्न झालेल्या बाईला वाटाच नाही! १८९१ मध्ये कायदा बदलला आणि तिलाही वाटा मिळू लागला. पण वाटणीतून उरलेली जमीन बाहेरच्यांना खुली झाली. १८८७ मध्ये मूळ रहिवाशांकडे सुमारे १३.८ कोटी एकर होते, १९३४ पर्यंत ४.८ कोटी उरले.

भावांची गोष्ट वाचताना म्हणून दोन प्रश्न विचारू या: आधी कसत कोण होतं? आणि कागदावर नाव कोणाचं लागलं? घरचा सातबारा हातात घेऊनही हेच विचारा, मैत्रिणींनो.