फ्युएल पंप : वस्तीवरच्या पान्यापासून शोरूमच्या स्कॅनरपर्यंत

आमच्या भीमाकाठच्या गावांत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. "पंप गेलाय, गाडी शोरूमला टाकावी लागणार." मांडवगण फराटा घ्या नाहीतर नदीपलीकडची दौंड तालुक्यातली गावं घ्या, सगळीकडं तेच. आणि ह्याच गावांत एके काळी इंजिनाचा पंप वस्तीवरच, झाडाखाली गोणपाट अंथरून उघडला जायचा. उघडणारा मेकॅनिक नसायचा, शेतकरीच असायचा. मधल्या काळात नेमकं काय झालं, ते जरा सविस्तर लिहितोय. विषय गाडीचा वाटेल, पण धोरणाचा आहे.

सुरुवात नदीवरच्या इंजिनापासून करू. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ ला यशस्वी झालं, पण त्यात तेल आत ढकलायला दाबाखालची हवा लागायची. म्हणजे इंजिनासोबत एक कॉम्प्रेसर सांभाळायचा. असलं धूड गाडीत कसं बसणार? मार्ग काढला जर्मनीतल्या रॉबर्ट बॉशनं. १९२७ मध्ये त्याच्या कारखान्यातून डिझेलचे इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले. हवा गेली, छोटा दट्ट्या आला.

हे तंत्र आपल्याकडं यायला फार वेळ लागला नाही. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्यानं बंगळूरला 'मायको' उभी राहिली. पुढं मायकोचा कारखाना नाशिकला सातपूरलाही आला आणि नोझल-इंजेक्टर महाराष्ट्रातच बनू लागले. २००८ ला कंपनीचं नाव बॉश झालं, पण जुने मिस्त्री अजूनही मायकोच म्हणतात.

वीज पोहोचली नव्हती तेव्हा, आणि पोहोचल्यावर भारनियमनात, ऊस जगवला तो ह्याच ऑइल इंजिनांनी. रचना एकदम सरळ. वर टाकी, खाली फिल्टर, मग पंप, मग नोझल. डिझेल संपलं की पाइपात हवा शिरायची. ती काढायला नट ढिला करायचा, बुडबुडे बंद होऊन डिझेलची सलग धार लागली की आवळायचा. ह्याला 'एअर काढणे' म्हणतात. पंप कमजोर झाला तर आतलं एलिमेंट, म्हणजे दट्ट्या आणि त्याचं नळकांडं, जोडीनंच बदलायचं. दोघांत केसाहून कितीतरी बारीक फट असते, म्हणून एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळकांड्यात चालत नाही. शाळा न शिकलेल्या माणसांनाही हे पाठ होतं. फार तर पंप-नोझल पिशवीत घालून तालुक्याच्या गावी कॅलिब्रेशनला न्यायचे.

गाड्यांचंही तसंच. मुंबईत जुळणी होणारी महिंद्राची जीप आणि कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, दोन्हींचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगाला दोन बोल्टांवर बसवलेला. आत रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम. इंजिनाचा कॅम दांडी हलवणार, दांडी पडदा हलवणार, पेट्रोल कार्बोरेटरकडं जाणार. पडदा फाटला की नवा टाकायचा, जमलं तर गॅस्केट घरीच जाड कागदातून कापायचं. तासाभराचं काम. आणि बजाज स्कूटर, लुना? त्यांना पंपच नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, कॉक फिरवला की पेट्रोल आपोआप उतरणार.

मग बदल कुठून सुरू झाला? धुरापासून. १९९१ मध्ये पेट्रोल गाड्यांना आणि १९९२ मध्ये डिझेल गाड्यांना धुराचे पहिले नियम लागले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरासाठी युरो नियमांचा आग्रह धरला. भारत स्टेज-४ हे १ एप्रिल २०१७ ला देशभर लागू झालं आणि मधली पाचवी पायरी सोडून १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६ आलं. कार्बोरेटरला हे गणित झेपणारं नव्हतं. पेट्रोल मोजून, दाबानं, संगणकाच्या हुकमानं द्यावं लागलं. म्हणून विजेवरचा पंप आला आणि तो थेट टाकीच्या आत बसला. बीएस-६ नंतर बहुतेक मोटारसायकलींनाही पंप आला. बॅटरी पूर्ण उतरली तर नवी गाडी ढकलून सुरू होत नाही, त्याचं कारण हेच. पंपालाच वीज नाही तर पेट्रोल येणार कुठून?

डिझेलमध्ये १९९७ पासून बॉशची कॉमन रेल पद्धत बाजारात आली. जुन्या जीपच्या पेट्रोल पंपाचा दाब सायकलच्या चाकातल्या हवेपेक्षाही कमी. कॉमन रेलचा दाब सुरुवातीलाच हजार बारच्या पुढं. ती बारीक धार कातडीत घुसू शकते. तिथं घरचा पाना चालवू नये, हे मीही म्हणेन.

पण टाकीतल्या पेट्रोल पंपाचं तसं नाही. ज्याला काम माहीत आहे त्याला तो आजही घरी बदलता येतो. टाकी जवळपास रिकामी हवी. काम उघड्यावर करायचं, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि लांबच्या ठिणगीनंही पेटते. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. बसवताना रबरी सील नवंच टाकायचं. आणि पंप खराब ठरवण्याआधी फ्यूज, रिले आणि पंपापर्यंत येणारा करंट तपासायचा. पुष्कळदा पंप चांगला असतो, मरतो फ्यूज. आणखी एक. टाकीतलं पेट्रोलच ह्या पंपाला थंड ठेवतं, त्यामुळं कायम रिझर्व्हवर गाडी फिरवणं म्हणजे पंपाचं आयुष्य कमी करणं.

मग अडतं कुठं? अडतं सुट्या भागावर आणि माहितीवर. आतली छोटी मोटर गेली तरी पुष्कळदा अख्खं मॉड्यूल घ्या म्हणतात. वायरिंगचा नकाशा मिळत नाही, स्कॅनर मिळत नाही. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. धूर कमी करा, हे कायद्यानं सांगितलं. माहिती कोंडून ठेवा, हे कायद्यानं कधीच सांगितलं नाही.

हे माझं मत नाही. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडं एक तक्रार गेली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण काय, तर अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तकं आणि तपासणीची उपकरणं त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हत्या. सुरक्षेचं कारण कंपन्यांनी सांगितलं, ते आयोगाला पटलं नाही. पुढं अपिलं झाली, दंडाच्या रकमेवर वाद चालला. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. त्यात मोटारी आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत. आपल्या बाजारपेठेत कितीजणांनी त्याचं नाव ऐकलंय?

आता हे तातडीचं का, ते सांगतो. आपला ऊस कारखान्यात जातो, त्याचं इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळून आपल्याच टाकीत परत येतं. उसाला भाव मिळायला हे हवंच. पण जुन्या काही गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलंय. खर्च किरकोळ आहे, असंही म्हटलंय. किरकोळ कधी? सुटं सील गावात मिळालं तर. अख्खं मॉड्यूलच घ्यावं लागलं तर कसलं किरकोळ?

दुसरं ट्रॅक्टरचं. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागले आणि तिथं कॉमन रेल आलं. त्याखालचे बहुतेक ट्रॅक्टर अजून जुन्या पंपावर चालतात. गावच्या मिस्त्रीच्या हातातलं हे शेवटचं इंजिन. नियम पुढंमागं ह्यांनाही लागतील. लागावेत, धूर आपलीच पोरं गिळतात. पण तोवर आपण तयार असणार का?

मागण्या फार नाहीत. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' शिकणाऱ्या पोरांना नव्या इंजिनाचा स्कॅनर हाताळायला मिळावा. दुरुस्तीची माहिती मराठीत यावी. पंपाची मोटर, सील, फिल्टर सुटे मिळावेत. आणि गावच्या मिस्त्रीला तालुक्याच्या ठिकाणी चार दिवसांचं प्रशिक्षण मिळावं. आमदार-खासदारांकडं रस्ते, सभामंडप मागतो, तसं एकदा हेही मागून बघू.

तुमच्या गावात पंप उघडणारा मिस्त्री अजून आहे का? सुटा भाग मिळतो की अख्खं मॉड्यूलच गळ्यात मारतात? कमेंटमध्ये लिहा, गाडीच्या मॉडेलसह. यादी झाली की पुढच्या बातमीत हाच प्रश्न घेतो.