सर्पगंधा : नांव, गुण व दोष

सर्पगंधेच्या मुळीनें रक्ताचा वाढलेला दाब उतरतो ही गोष्ट आतां सर्वश्रुत आहे. तिच्या आधारें दोन विधानें वारंवार ऐकूं येतात. एक, हा रोग व हें औषध आमच्या पूर्वजांस पूर्णपणें अवगत होतें. आणि दुसरें, मुळी झाडपाल्याची असल्यामुळें ती निरुपद्रवी आहे. आमच्या मतें पहिल्यास ग्रंथाधार नाहीं आणि दुसरें तर घातक आहे.

चरक व सुश्रुत यांच्या संहितांत सर्पगंधेचें नांव येतें खरें, परंतु तें मुख्यतः विषप्रकरणीं. शिवाय केवळ नांवावरून वनस्पति ओळखणें हें काम निसरडें आहे. अमरकोशांत 'नाकुली' हा शब्द रास्नेच्या पर्यायांत पडला आहे. अलीकडील वैद्यग्रंथ तोच सर्पगंधेचा पर्याय म्हणून देतात. (कोश मुखोद्गत असला म्हणजे झाड ओळखतां येतें, असा समज आम्ही पुष्कळ विद्यार्थ्यांत पाहिला आहे.) मुंगूस सापाशीं झुंजण्यापूर्वीं एक मुळी खातें, ही कथा सिंहलद्वीपाच्या संबंधानें गार्सिया द ओर्ता यानें गोव्यांत इ. स. १५६३ मध्यें छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत दिली आहे. ती मुळी सर्पगंधेचीच असावी असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. परंतु तेथेंही विषय विषाचाच. पाश्चात्य शास्त्रीय नांवाची कथा तर याहून गमतीची. 'राउवोल्फिया' हें नांव प्लुमिये या फ्रेंच वनस्पतिज्ञानें १७०३ सालीं अमेरिकेंतील एका सजातीय झाडास दिलें, तें आउग्सबुर्गचा वैद्य राउवोल्फ याच्या स्मरणार्थ. हा गृहस्थ बगदादपर्यंत आला होता. हिंदुस्थान त्यानें पाहिलाही नाहीं!

रक्तदाब मोजण्याची दंडास बांधावयाची पट्टी इटलींत रीव्हा-रोच्ची यानें १८९६ सालीं प्रसिद्ध केली. तत्पूर्वीं सामान्य रोग्याचा दाब मोजण्याचें सुलभ साधनच नव्हतें. तेव्हां त्यावरील औषध ठाऊक असण्याचा प्रश्न कोठून येणार? जें ठाऊक होतें तें निराळें. बिहारांत ही मुळी वेडाचें औषध म्हणून विकली जात असे व तिनें उन्मत्त मनुष्य शांत होऊन झोपी जाई. हें निरीक्षण ज्यांनीं केलें त्यांचीं नांवें कोणत्याही पोथींत नाहींत. आमच्या मतें पहिलें श्रेय त्यांचें आहे.

पुढील इतिहास तारीखवार सांपडतो. १९३१ मध्यें कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं दिल्लींत सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनीं मुळींतील क्षारसत्त्वें वेगळीं करून एकास हकीम अजमलखान यांच्या नांवावरून 'अजमलीन' म्हटलें. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं एका ब्रिटिश हृद्रोगविषयक नियतकालिकांत आपले अनुभव मांडले, तेव्हां पश्चिमेचें लक्ष इकडे वळलें. आणि १९५२ मध्यें बाझेल येथील सिबा कंपनीच्या संशोधकांनीं मुख्य सत्त्व 'रेसर्पीन' वेगळें केलें.

आतां दोषांकडे. मज्जातंतूंच्या टोकांशीं सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत संदेश पोंचविणारीं द्रव्यें पेंवांतील धान्याप्रमाणें सांठविलेलीं असतात. रेसर्पीन या पिशव्या भरण्याची क्रियाच बंद पाडतें. उघड्यावर राहिलेलें द्रव्य नष्ट होतें, सांठा रिता होतो, रक्तवाहिन्या सैल पडतात व दाब उतरतो. म्हणूनच गुण यावयास कांहीं दिवस, कधीं आठवडेही, लागतात आणि औषध सोडल्यावरही परिणाम बरेच दिवस टिकतो. परंतु हीच क्रिया सर्व शरीरभर चालते. नाक चोंदतें, नाडी मंदावते, जठरांत अम्ल वाढतें, जुलाब होतात. मेंदूंतील सांठाही आटतो. त्यामुळें सुस्ती येते आणि मात्रा मोठी असल्यास कंपवातासारखीं लक्षणें दिसतात. कित्येकांस घोर विषण्णता आल्याचें वर्णन १९५० नंतरच्या दशकांत पुष्कळ ठिकाणीं झालें. अल्प मात्रेंतही असें होतें काय, याविषयीं तज्ज्ञांत अजून मतभेद आहे. तथापि विषण्णतेचा पूर्वेतिहास असणारास हें औषध देऊं नये असाच संकेत आहे. बिहारांतील उन्मत्तास आलेली शांति आणि रुग्णालयांतील रोग्यास आलेलें औदासीन्य हीं एकाच कारणाचीं कार्यें होत असें आम्हांस वाटतें. मुळी वैद्याच्या हातची असो वा गोळी कारखान्यांतील, हें सत्त्व पोटांत गेल्यावर भेद करीत नाहीं.

या दोषांतूनच एक मोठा शोध निघाला. रेसर्पीन दिल्यानें निश्चल झालेले ससे लेव्होडोपा टोंचतांच पुन्हां हालूं लागतात, असें स्वीडनच्या आर्व्हिद कार्लसन यांनीं १९५७ सालीं दाखविलें. पुढें तेंच द्रव्य कंपवाताचें प्रमुख औषध ठरलें. तें खाजकुइलीच्या बियांत असल्याचें मद्रासच्या संशोधकांनीं १९३७ सालींच सिद्ध केलें होतें. संहितांतील कपिकच्छू ती हीच. तिच्या प्राचीन उपयोगाचा विचार मात्र स्वतंत्र लेखांतच करावा लागेल.