गिरणीची नोकरी ते रेशन कार्ड: सोलापूरचा आरोग्य विमा

आरोग्य विमा कधी घ्यायचा, कधी बदलायचा, असं आज कुणी विचारलं की आपण लगेच कंपन्यांची नावं घेतो. पण सोलापूरच्या कष्टकरी घरांत विमा कुणी फारसा 'घेतला' नाही. तो लागू व्हायचा. कशामुळे लागू व्हायचा, तेवढं बदलत गेलं.

सुरुवात गिरणीपासून. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपुरात नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. पगारातून थोडी कपात, मालकाचा वेगळा वाटा, बदल्यात दवाखाना आणि आजारपणात पगाराचा काही भाग. होटगी रस्त्यावरचं कामगार विमा हॉस्पिटल त्यातलंच. इथे नाव नोंदवायचं ते मालकाने. नोकरी लागली की विमा लागला.

आणि नोकरी सुटली की? आजच्या नियमात एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये कामी येते. म्हणजे थोडी उसंत मिळते. पण जुनी मिल १९६० च्या दशकात बंद पडली, आणि पुढे बाकीच्या गिरण्याही एकेक करून गेल्या. काही महिन्यांची उसंत तिथे कुणाला पुरणार?

बरं, यंत्रमाग होते की! होते, पण कायद्याची मूळ अट होती विजेवर चालणारा कारखाना आणि किमान २० कामगार. १९८९ च्या दुरुस्तीने ते १० झाले. चादरी-टॉवेलच्या चार-सहा मागांच्या शेडला ही अट कुठून लागायची? पूर्व भागात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका तर कारखान्यातच नव्हत्या. त्यांच्यासाठी १९७६ च्या कायद्याने वेगळा कल्याण निधी, वेगळे दवाखाने, वेगळं ओळखपत्र. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, सासू कशातच नाही, असंही घर असू शकत होतं.

१९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांची मेडिक्लेम आली. ती हप्ता परवडणाऱ्यांची.

खरं वळण २ जुलै २०१२ चं. राजीव गांधी जीवनदायी योजना आधी फक्त ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, यादीत ९७२ शस्त्रक्रिया आणि उपचार. जुना आजारही पहिल्या दिवसापासून चालायचा. हे फार मोठं होतं, माझ्या मते गिरणीच्या विम्यापेक्षाही मोठं, कारण नोकरीची अटच गेली. फक्त कार्डावर नाव हवं. आता सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करून सासरच्या कार्डात चढवायला कुणाला घाई असते? ती आजारी पडेपर्यंत नसतेच! आणि तेव्हा एक माणूस दवाखान्यात, दुसरा पुरवठा कार्यालयात.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवाल्यांसह सगळे त्यात आले, मर्यादा ५ लाख.

कंपनीच्या पॉलिसीचं घड्याळ मात्र वेगळं. २०११ पासून कंपनी बदलता येते आणि जुन्या आजारासाठी काढलेली प्रतीक्षेची वर्षं सोबत नेता येतात. पण अर्ज नूतनीकरणाच्या तारखेआधी करायचा, तेव्हाचा नियम किमान ४५ दिवसांचा. पॉलिसीत खंड पडू दिला, तर ती वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात.