चापाचे वजन : कॅम्प पेरी ते सर्वोच्च न्यायालय #थ्रेड

बंदुकीच्या इतिहासात नळी, गोळी आणि दारू यांवर पुष्कळ लिहिले गेले. चाप मात्र उपेक्षितच राहिला. वास्तविक नेम चुकतो तो बहुधा अखेरच्या क्षणी, बोट चाप ओढत असताना. चाप जड असेल, तर त्या ताणाने रायफलच हलते.

१९३६ मध्ये अमेरिकी लष्कराने जॉन गॅरंड यांची एम-१ ही अर्धस्वयंचलित रायफल स्वीकारली. तिचा चाप दोन टप्प्यांचा : आधी हलकी ओढ, मग बोटाला जाणवणारा अडसर, आणि तो ओलांडला की घोडा सुटे. पुढे कलाश्निकोव्हच्या चापयंत्रणेवरही या रचनेची छाप पडली.

ओहायोतील कॅम्प पेरी येथे १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरू लागल्या. लष्करी रायफलींच्या गटात चापाची ओढ किमान साडेचार पौंड हवी, असा नियम तेथे दीर्घकाळ होता. परीक्षा अगदी साधी! तेवढे वजन चापाला टांगून उचलायचे. घोडा सुटला, तर रायफल बाद.

युजीन स्टोनर यांच्या एआर-१५ चा मूळ चाप एकाच टप्प्याचा, जड आणि काहीसा खरखरीत. सैनिकाच्या हाती तो दोष नव्हे. चिखलात, थंडीत, भीतीत चुकून गोळी सुटू नये, हेच तेथे महत्त्वाचे. नागरी नेमबाजांना मात्र तो खुपला आणि बदली चापांची बाजारपेठ उभी राहिली. १९४६ पासून माउझरसारख्या रायफलींचे चाप घडवणाऱ्या टिमनी कंपनीने एआरसाठी तयार पेटीवजा, एका टप्प्याचा हलका चाप आणला. गायस्ली कंपनीने उलट दोन टप्प्यांची वाट धरली. साडेचार पौंडांतील मोठा वाटा पहिल्या टप्प्यावर टाकला, की निर्णायक दुसरा टप्पा हलका राहतो आणि नियमही मोडत नाही. स्पर्धेच्या दृष्टीने ही युक्ती सरस म्हणावी लागेल.

पण चापाचा प्रश्न मैदानापुरता उरला नाही. १९३४ च्या अमेरिकी कायद्यात मशीनगनची व्याख्याच चापावर बेतलेली आहे : चापाच्या एकाच क्रियेने, आपोआप, एकाहून अधिक गोळ्या. २०१७ च्या लास व्हेगास हत्याकांडात वापरलेला ‘बंप स्टॉक’ हा दस्ता त्या व्याख्येत बसतो काय? १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी नकार दिला. बहुमताच्या मते प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने सुटतो व दाबला जातो. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी भिन्नमतात यंत्रातील चापाऐवजी नेमबाजाच्या कृतीकडे बोट दाखवले : गोळीबार सुरू करणारी त्याची कृती एकच असते.