तिठ्यावरचा वाद, मे १९६७

एसटी तुम्हाला कसालच्या तिठ्यावर उतरवते आणि धुरळा उडवत ओरोसच्या बाजूला निघून जाते. साल १९६७, महिना मे. सिंधुदुर्ग जिल्हा शोधू नका, तो व्हायला अजून १४ वर्षं आहेत. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात उभे आहात. पश्चिमेला कट्ट्यावरून मालवणला जाणारा रस्ता. जवळच्या खळ्यात रातांब्याची सोलं सुकत घातली आहेत, त्यांचा आंबट वास नाकात शिरतो. मोबाइल खिशातच राहू द्या.

माटवाखाली दोन बाकडी, एक चूल, काचेचे ग्लास. हेच हॉटेल.

"पाहुणे खंयचे?"

"मुंबयचे."

मे महिन्यात एवढं पुरतं. गाव चाकरमान्यांनी भरलेला आहे. तुम्ही बाकड्याच्या टोकाला बसता आणि कान टवकारता.

गुरुजींच्या हातात अत्र्यांचा 'मराठा', तीन दिवसांचा शिळा. विषय सुब्बारावांचा. सरन्यायाधीशपद सोडून ते राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि याच महिन्यात झाकीर हुसेन यांच्याकडून हरले. गिरणगावातून आलेला लालबावटेवाला हसतो, "म्हणजे निकाल दिलो तेव्हाच साहेबांची बाजू ठरलेली!" हा टोमणा जरा अन्यायाचा आहे, पण तुम्ही पाहुणे, गप्प बसा.

निकाल म्हणजे गोलकनाथ खटल्याचा. जालंधरच्या एका कुटुंबाची ५०० एकर जमीन, पंजाबचा कमाल जमीनधारणा कायदा, आणि २७ फेब्रुवारीला ६ विरुद्ध ५ न्यायमूर्तींनी सांगितलं की मूलभूत हक्कांना यापुढे संसदेने हात लावायचा नाही. मालमत्तेचा हक्कही त्यातच आला. त्यावर ७ एप्रिलला लोकसभेत खासगी विधेयक आणलं ते कोणी? याच राजापूर मतदारसंघाने लागोपाठ तिसऱ्यांदा निवडून दिलेल्या वेंगुर्ल्याच्या बॅरिस्टर नाथ पैंनी. घटना बदलण्याचा संसदेचा अधिकार संसदेला परत द्या, एवढीच त्यांची मागणी.

"नाथ आमचो," गुरुजी म्हणतात, "पण या विधेयकात चुकलो." लालबावटेवाल्याला ते पटत नाही. लोहियांचा संयुक्त समाजवादी पक्षही विरोधात आहे, गुरुजी बोट उगारतात. नाथही समाजवादीच, म्हणजे समाजवाद्यांतच फूट.

खोतांचा मुलगा मुंबईला वकिली शिकतो. तो स्वतंत्र पक्षाचा, मसानींचा भक्त. सरकारचे हात आखूड असावेत, हा त्याचा उदारमतवाद. गंमत म्हणजे अमेरिकेचा दाखला तोच देतो. तिथे लिबरल म्हणजे रूझवेल्टवाला, सरकारने बाजारात हात घालावा म्हणणारा. कोर्टाने रूझवेल्टचे कायदे पाडले, तेव्हा १९३७ साली रूझवेल्ट न्यायाधीशांची संख्याच वाढवायला निघाला होता.

"म्हणजे थंयचो लिबरल आमचो नाथ," गुरुजी म्हणतात, "आणि हंयचो लिबरल तुझो मसानी." बाकडी हसतात. एका शब्दाने दोन देशांत दोन घरं केलेली! हे मवाळ-जहाल वादाइतकं सोपं असतं तर कोटलुकच्या मवाळ गोखल्यांवरच विषय मिटला असता.

कोपऱ्यातला म्हातारा इतका वेळ बोललेला नाही. आता तो कनवटीची मेणकापडाची पुरचुंडी सोडतो. आत सातबारा, ३२ म चा जमीनखरेदीचा दाखला आणि हप्त्यांच्या पावत्या. घड्यांवर कागद फाटत आलेला, पण नाव शाबूत. तो खोतांच्या मुलाकडे बघत नाही, कागदाकडे बघत बोलतो.

"जमीन माका कायद्यान दिली, कोर्टान नाय. मगे कायदो मोठो की कोर्ट मोठा?"

कूळकायदा १९४८ चा, खोती रद्द झाली १९४९ च्या कायद्याने. दोन्ही कायदे कोर्टाच्या हाताबाहेर राहावेत म्हणून घटनेच्या नवव्या परिशिष्टात घातलेले.

"आजोबा, तुमची जाणार नाही," खोतांचा मुलगा हळू आवाजात सांगतो. आधीच्या दुरुस्त्या तशाच राहतील, निकाल पुढच्यांना लागू, असं कोर्टानेच म्हटलंय. ही युक्ती अमेरिकी न्यायशास्त्रातून उचललेली. म्हाताऱ्याची भातजमीन ज्या तत्त्वाने वाचली ते अमेरिकेतून आलं, आणि ते त्याला समजावून सांगतोय खोताचा मुलगा.

गुरुजी मात्र हट्टाला पेटलेत. "आज दिल्लीत नाथ आसा. उद्या थंय कोण बसतलो, ता तुमका म्हायत आसा?" मग तुमच्याकडे वळून, "मुंबयकर, तुमचा काय म्हणणा?"

तुमची जीभ टाळ्याला चिकटते, कारण तुम्हाला माहीत आहे. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत नाथ बोलतील, आणि त्याच रात्री जातील. त्यांनी मागितलं ते त्याच वर्षी २४ वी घटनादुरुस्ती देईल. १९७३ मध्ये ७ विरुद्ध ६ मतांनी कोर्ट म्हणेल, बदला, पण मूळ चौकट मोडू नका. आणि जून १९७५ च्या आणीबाणीत गुरुजींची शंका खरी ठरेल.

माझं मत विचाराल तर म्हातारा जमिनीबद्दल बरोबर होता आणि गुरुजी माणसांबद्दल. नाथांची चूक एवढीच, की सगळ्या संसदा आपल्यासारख्या सभ्य असतील असं त्यांनी धरलं. यातलं काहीही तुम्ही तिथे बोलू शकत नाही. "चहा झकास आसा," म्हणता आणि मालवणच्या गाडीकडे चालू लागता.

नाथांच्या जागी राजापूरने मधू दंडवत्यांना निवडलं. आणीबाणी लागली त्या वेळी ते बंगळुरात होते, तिथेच त्यांना अटक झाली. पुढे जनता सरकारात ते रेल्वेमंत्री झाले, आणि त्याच सरकारच्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. ती तरतूद लागू झाली २० जून १९७९ ला.