आउअरबाख आणि ‘फिगुरा’

मध्ययुगीन रोमान्स भाषांच्या, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश आदी भाषांच्या अभ्यासकाचे चरित्र धर्मशिक्षकांनी कशासाठी वाचावे, अशी शंका येणे साहजिक आहे. एरिख आउअरबाख यांच्या बाबतीत ती फार काळ टिकत नाही. जुन्या करारावर प्रवचन करताना ज्या ‘प्रतिरूप’ कल्पनेचा आपण सहज आधार घेतो, तिचा इतिहास या यहुदी पंडितांनी लिहिला.

त्यांचा जन्म १८९२ मध्ये बर्लिन येथे झाला. प्रथम कायद्याची डॉक्टरेट, मग महायुद्धात सैनिकी सेवा व जखम, आणि १९२१ मध्ये रोमान्स भाषाशास्त्राची डॉक्टरेट. काही वर्षे ते बर्लिनमध्ये ग्रंथपाल होते. १९२९ मध्ये दान्तेवरील ग्रंथ निघाला व मारबुर्ग विद्यापीठाचे दार उघडले. १९३३ मध्ये माजी सैनिक म्हणून ते वाचले. १९३५ मध्ये यहुदी म्हणून त्यांना पदच्युत करण्यात आले. पुढच्या वर्षी ते इस्तंबूलला गेले.

‘फिगुरा’ हा त्यांचा निबंध १९३८ चा. पाच वर्षांपूर्वीच, १९३३ च्या नोव्हेंबरात, बर्लिनमधील एका प्रचंड सभेत ‘जर्मन ख्रिस्ती’ पंथाच्या वक्त्याने जुना करार टाकून देण्याची मागणी केली होती. निबंधात या सभेवर चर्चा नाही. आहे ती ‘फिगुरा’ या शब्दाची वाटचाल. मुळात घडविलेला आकार असा त्याचा अर्थ. तेर्तुल्यानुसाच्या हाती त्याला नवे वळण लागते: मोशेने होशेयाला यहोशवा हे नाव दिले, ती घटना येशूची ‘फिगुरा’ ठरते. तेर्तुल्यानुसाचा हा युक्तिवाद मार्कियोनाविरुद्ध आहे, आणि जुना करार झिडकारणारा मार्कियोनच होता, हे वाचकांना सांगावयास नको. आउअरबाख यांचा मुख्य मुद्दा असा की रूपकात एक बाजू केवळ खूण असते. प्रतिरूपात दोन्ही बाजू काळात खरोखर घडलेल्या असतात. यहोशवा पुसून येशू उभा राहत नाही. दान्तेची बेआत्रिचेही म्हणूनच ईश्वरविद्येचे नुसते चिन्ह नव्हे, ती फ्लोरेन्समध्ये जगलेली स्त्री राहते.

आमच्या मते येथे एक अडचणही आहे. पूर्ती आपल्याकडे ठेवून छाया तेवढी यहुद्यांकडे सोडली, की त्यांच्या शास्त्राचे स्वतंत्र मोल उरत नाही. पौलाच्या या वाचनामुळे नियमशास्त्राचा ग्रंथ परराष्ट्रीयांना स्वीकारता आला, हे आउअरबाख स्वतःच नोंदवितात. ते त्यांनी कोणत्या मनाने लिहिले असेल?

निबंधासाठी धर्मपित्यांचे ग्रंथ हवे होते, आणि इस्तंबूलमध्ये युरोपीय पुस्तकांची वानवा होती. गलाता भागातील दोमिनिकन मठात मीन्य यांची लॅटिन धर्मपित्यांची ग्रंथमाला होती. ती वापरण्याची परवानगी तेथील पोपचे प्रतिनिधी रोंकाल्ली यांनी दिली. हेच रोंकाल्ली १९५८ मध्ये पोप तेविसावे जॉन झाले.

१९४२ ते १९४५ या काळात ‘मिमेसिस’ लिहिले गेले व १९४६ मध्ये बर्न येथे छापले गेले. त्यात पेत्राच्या नाकारण्यावरचे विवेचन आमच्या वाचकांनी अवश्य पाहावे. अंगणातील दासी आणि घाबरलेला कोळी, हा प्रसंग ग्रीक-रोमन साहित्याच्या नियमांनुसार विनोदापलीकडे जाऊ शकत नव्हता. मार्काने तो गंभीर केला.

१९४७ मध्ये ते अमेरिकेस गेले, १९५० पासून येल विद्यापीठात शिकविले, आणि १९५७ मध्ये निवर्तले. लॅटिनमधील ‘नम्र वाणी’विषयीचे त्यांचे संशोधन सामावणारा शेवटचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी छापून आला.